सीतादहीला बसलेल्या दोघी

आदिलाबादजवळच्या तलमडुगुच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका वावरात, कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सकाळी, वत्सला आणि कमल या दोन बायका सीतादहीला जोडीनं बसल्या. महिना कार्तिकाचा होता आणि नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही. न छापलेल्या बातमीला तारीख राहत नाही. तिला हंगाम राहतो.

तो हंगाम पुन्हा आला आहे. भैंसा गावच्या जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या पहाटेपासून रस्त्याला लागतात. गाडी गेली की मागे थोडा कापूस हवेत राहतो, खाली यायची घाई नसल्यासारखा. मग तो रस्त्याकडेच्या बाभळींना अडकतो. आठवडाभरात बाभळी पांढऱ्या होतात. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यातल्या घरांच्या खिडक्यांच्या जाळीतही तो येऊन बसतो. हातात घेतला तर वजन लागत नाही, बोटांना फक्त ऊब लागते. अशा वेळी मागचं आणि आत्ताचं यांच्यात धुरा, म्हणजे बांध, राहत नाही. एक वावर दुसऱ्यात मिसळतं.

कापसाच्या मुलखाबाहेर सीतादही म्हणजे काय ते सांगावं लागतं. बोंडं फुटली म्हणून लगेच वेचणी सुरू होत नाही. आधी वावराच्या मध्यावर एक चांगली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, बघतात. तिच्या बुडाशी गोटे मांडतात, त्यांना चुन्याची बोटं ओढतात, वरून नव्या कापसाचं पांघरूण घालतात. ज्यांचं वावर, ते नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि चारी दिशांना शिंपडतात. दह्यासारखं पांढरं पीक येऊ दे, एवढंच मागणं. नंतर तो दहीभात त्या सकाळी वावरात जो कोणी असेल त्याच्या तळहातावर पडतो. वेचणाऱ्या बाया, बैलबंडीवाला, वाटसरू. कोणी नको म्हणत नाही.

नदीकाठच्या त्या गावांमध्ये आणखी एक समजूत होती. जे जोडीनं बसले ते त्या हंगामापुरतं वावराचं घर. ज्यानं दहीभात खाल्ला त्यानं ते घर मानलं. शेवटची वेचणी होईपर्यंत त्या घरातलं माणूस कोणी हलवायचं नाही. सून माहेरी न्यायची नाही, भावाभावांनी चूल वेगळी करायची नाही. केली तर वावराची सीता मोडते, आणि ज्यानं मोडली त्याच्या वावरात वेचायला बाया जात नाहीत.

वत्सलाच्या वडिलांना मुलगा नव्हता. वावर तिच्या नावावर होतं. लग्न तिनं केलं नव्हतं. का, ते गावानं विचारून सोडून दिलं होतं. वडील गेल्यावर सीतादहीला ती चुलत्याला आणि चुलतीला बोलवायची. ते बसायचे आणि ती धुऱ्यावर उभी राहायची. कमल शेजारच्या गावातली. नवऱ्यानं सोडल्यावर ती भावाच्या घरी परत आली होती. एका वर्षी वत्सलाच्या वावरात वेचायला गेली आणि हंगाम संपल्यावर घरी गेली नाही. तिथंच राहिली. भावाचं नाव दिगंबर. पहिल्या वर्षी त्याला ते सोयीचं वाटलं, दुसऱ्या वर्षी लोक बोलू लागले, आणि त्यानंतर त्यानं भैंसाकडच्या एका माणसाशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवला.

मावल्यात कौलारू घराच्या मागच्या दोन खोल्यांमध्ये एक महिला मंडळ होतं. त्याला कागदोपत्री नाव होतं, पण गावात सगळे 'बायांचं दफ्तर' म्हणत. एक शिवणयंत्र, एक सतरंजी, वातींचा एक स्टोव्ह. मंडळ चालवायच्या सुमनताई. घराणं पिढ्यान् पिढ्या आदिलाबादेत स्थायिक झालेलं मराठी, स्वतः विम्याच्या कचेरीत नोकरीला. त्यांच्या जोडीला सरोजम्मा, तेलुगू शाळेत शिक्षिका. दोघी त्याच घराच्या पुढच्या भागात राहत. भाडं वाचतं म्हणून, असं शेजारी सांगत. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला कापसाचे भाव फोनवरून कळवत असे, आणि दुपारी फोनची वाट बघत मंडळाच्या सतरंजीवर बसत असे.

अशाच एका दुपारी त्या दोघी आल्या. दाराशी चपला काढल्या आणि आत न येता उभ्या राहिल्या. बाहेर दिवाळी संपल्यानंतरचं ते मऊ, पिवळट ऊन होतं. त्यांच्या लुगड्यांना अजून वावराचा वास होता.

सुमनताईंनी त्यांना आत सतरंजीवर बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "नवरा मारतो का?"

"नवरा नाई बाई," वत्सला म्हणाली. "मले कदी नव्हताच. हिचा होता, त्यानं सोडून देलं."

"मग सासरचे त्रास देतात?"

"कोनी मारून नाई राह्यलं आमाले."

"मग काऊन आल्या एवढ्या लांबून?"

कमल पहिल्यांदा बोलली. "माहा भाऊ माहा पाट लावून राह्यला. पुनव झाली का नेतो म्हन्ते. मले जायचं नाई."

"माणूस वाईट आहे का तो?"

"असंन बरा. मी पायला बी नाई त्याले."

"मग?"

कमल सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत राहिली. उत्तर वत्सलानं दिलं. "हे माह्या घरी राह्यते. आमाले तसंच राहू द्या. येवढंच हाय बाई. दुसरं काई नाई."

सरोजम्मांनी स्टोव्हच्या वाती खाली केल्या. चहा उकळला होता. मंडळात येणाऱ्या बायांची दुःखं सुमनताई-सरोजम्मांना पाठ होती. हे त्यांतलं नव्हतं. सुमनताईंनी विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

"जिचा हात रिकामा थे."

"भांडता का?"

"हाव, भांडतो ना. हे मीठ लय टाकते."

"अदे, अदे! तेच तर!" सरोजम्मा हसल्या, आणि सुमनताईंकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडं पण मीठच."

मग चहा झाला. चार जणींनी तो सतरंजीवर बसून घेतला. 

मंडळाच्या बैठकीत एका सदस्यबाईंनी हरकत घेतली. मंडळ अन्याय झालेल्या बायांसाठी आहे, या दोघींवर अन्याय कुठे झाला आहे, असं त्यांचं म्हणणं. "अजून झाला नाही," सुमनताई म्हणाल्या. "होणार आहे म्हणून आल्या. झाल्यावरच यायचं असतं का?" बाई म्हणाल्या, "पण याला म्हणायचं काय?" त्याला म्हणायला त्या खोलीत कोणाकडेच शब्द नव्हता. दशक संपता संपता पुण्या-मुंबईकडून आणि हैदराबादेहून कार्यकर्त्या आल्या, त्यांच्यासोबत छापील पत्रकं आली आणि शब्दही आले. शब्द चांगले होते. पण त्या बैठकीत काम शब्दाशिवाय सुरू झालं होतं.

सुमनताई आणि सरोजम्मा कमलला घेऊन ठाण्यावर गेल्या. ती सज्ञान आहे, तिला भावाबरोबर जायचं नाही, अशी अर्जी दिली. तिथला जमादार सभ्य होता. "घर का मामला है, अम्मा," तो म्हणाला. "भाई ले जा रहा है, कोई डाकू थोड़े ही ले जा रहा है." अर्जी त्यानं घेतली, शिक्का मारला. पुढे काय होईल ते सांगितलं नाही. परतताना बसमध्ये तिघी एकाच बाकावर बसल्या होत्या. कमलनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. बाहेर ज्वारीची निसवलेली कणसं, मग तूर, मग कापूस, मग पुन्हा ज्वारी. ती जाईल की राहील, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हतं.

पहिल्या वेचणीच्या सकाळी नदीवरून धुकं वर आलं होतं. वावर कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. फुटलेली बोंडं आणि धुकं एकाच कापडाची वाटत होती. पानांवर दहिवर होतं. बाया धुऱ्यावरून येत होत्या, पण आधी त्यांच्या बांगड्या ऐकू यायच्या, मग लुगड्याचा रंग, मग चेहरा. कमरेला वेचलेला कापूस टाकायच्या ओट्या बांधलेल्या. कोणीतरी खोकलं की धुक्यात ते दूरवर जाऊन परत आल्यासारखं वाटे. सुमनताई, सरोजम्मा आणि मी आदल्या संध्याकाळीच वत्सलाकडे मुक्कामाला गेलो होतो. आम्ही धुऱ्यावर बसलो.

वेचणाऱ्या बायांमध्ये गयाबाई सर्वांत म्हातारी. कोणालाही काहीही विचारायचा तिला हक्क होता, आणि ती तो वापरत असे.

"चुलत्याले नाई बलावलं काऊन वं?" तिनं वत्सलाला विचारलं.

"नाई बलावलं."

"मंग बसते कोन?"

वत्सलानं गोटे मांडले होते. चुना लावला, कापूस पांघरला. मग गोणपाटाचा बोरा अंथरला, त्याच्या एका बाजूला बसली आणि दुसरी बाजू हातानं सारखी केली. तेवढंच केलं. कमल पातेलं हातात धरून उभी होती. बाया बघत होत्या. कोणी हसलं नाही, कोणी पुढे झालं नाही. त्या क्षणी कोणी "हे काय वं?" म्हणालं असतं तर कमल बसली नसती, असं तिनंच नंतर सांगितलं.

गयाबाईनं वर पाहिलं. धुक्यामागे सूर्याचा पांढरा गोल दिसू लागला होता. "बस ना वं," ती कमलला म्हणाली. "पऱ्हाटी कितीक वाट पायल? ऊन चढलं का पाला चुरते, मंग कापसात कचरा जाते."

कमल बसली.

नैवेद्य झाला. दोघींनी दहीभात चारी दिशांना शिंपडला. धुक्यात तो पडताना दिसला नाही, पानांवर पडल्याचा आवाज आला. एक घास धुऱ्याकडेही आला. सरोजम्मांनी खाऊन बोटं सुमनताईंच्या पदराला पुसली. गयाबाईनं ते पाहिलं. "तुमी कोन्या वावराच्या वं दोघी?"

"आमचं वावर नाही, गयाबाई," सुमनताई म्हणाल्या. "आमच्या दोन खोल्या आहेत."

"खोल्यांत काय पिकते?"

"भांडणं," सरोजम्मा म्हणाल्या, आणि पहिल्यांदा सगळ्या बाया हसल्या.

त्या हसण्यातच बंडीचा आवाज आला. दिगंबर अंधारात निघाला होता, पोटात काही न घालता. बैल धुऱ्याशी थांबले, त्यांच्या नाकातून वाफ निघत होती. तो उतरला आणि तासातून, म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या वाटेनं, चालत आला. पुनव होऊन गेली होती. तो बहिणीला न्यायला आला होता.

वत्सला उठली. पातेल्यातला दहीभात घेतला आणि त्याच्यासमोर धरला. कास्तकाराचा हात अशा वेळी विचारून पुढे होत नाही. दिगंबरनं तळहात पसरला, कपाळाला लावला आणि उभ्या उभ्या खाल्ला. बोटंही चाटली.

मग म्हणाला, "कमले, चाल. बस बंडीत."

"हात धुतला का रे दिगंबर?" गयाबाईनं विचारलं.

"काऊन?"

"बोटाले दही हाये तुया."

त्यानं हाताकडे पाहिलं. मग गोट्यांकडे पाहिलं, कापसाच्या पांघरुणाकडे, बोऱ्याकडे. बोऱ्यावर दोन माणसं बसल्याच्या खुणा होत्या. "हे सीतादही होय?" तो म्हणाला. "दोन बाया बसल्या तं?"

"गोटे मांडले, दही शिंपडलं, तुनं खाल्लं. आनखी काय पायजे बाप्पा? ब्यांड?"

"मले कोनी सांगतलं नाई."

"इचारलं असतं तं सांगतलं असतं. भुकेला मानूस इचारते कुठी?"

धुकं विरळ झालं होतं. बाया आपापल्या तासाच्या तोंडाशी उभ्या होत्या, हात कमरेवर, त्याच्याकडे बघत. त्यांतल्या निम्म्या पुढच्या आठवड्यात त्याच्याच वावरात वेचायला जाणार होत्या. दिगंबरनं हात धोतराला पुसला.

"शेवटच्या येचणीले येतो," तो म्हणाला. बंडी वळवून निघून गेला.

वत्सलानं त्याला दहीभात ठरवून दिला की सवयीनं, याला दुजोरा मिळालेला नाही. पुढे एकदा विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वावरात आलेल्याले देत नाई का मी?"

नंतरच्या दिवसांचं चित्र सलग नाही. पांढरं, मग उन्हाचं पिवळं, मग पुन्हा पांढरं. दोघी दोन तास धरून शेजारी शेजारी वेचत जात. एकीचा हात मागे राहिला की दुसरी थांबत असे. घरात कापसाचा ढीग छपराच्या वाशांपर्यंत वाढला. त्याच्या बाजूला झोपलं की आवाज बुजल्यासारखा होई. शेजारचं बोलणंही दुसऱ्या गावातून आल्यासारखं वाटे. हुरड्याच्या दिवसांत वत्सलानं सरोजम्मांना कणसं चोळायला शिकवलं. त्यांचे तळवे लाल झाले. कमल त्या हंगामात खूप हसत असे. हसताना तोंडावर पदर घेत असे. या सगळ्याला शेवट ठरलेला आहे हे तिला माहीत होतं, आणि वत्सलालाही. पण फुटलेलं बोंड झाडावर ठेवता येत नाही, म्हणून दोघी रोज पहाटे उठत.

मंडळानं या मुदतीत एक काम केलं. दिगंबरशी कोणी वाद घालायला गेलं नाही. सुट्टीच्या दिवशी सरोजम्मा बसनं त्याच्या घरी जात आणि त्याच्या बायकोपाशी, लीलापाशी बसत. लीलाला दिवस गेले होते. पहिल्या वेचणीनंतर बाया दुसऱ्या वावरांत गुंतल्या होत्या, वेचायला कोणी मिळत नव्हतं, वावर फुटून पडलं होतं. सरोजम्मांनी ते वत्सलाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वत्सला आणि कमल दिगंबरच्या वावरात गेल्या आणि वेचून परत आल्या. तो त्यांच्याशी बोलला नाही. लीलानं त्यांना बाजेवर बसवलं आणि गुळाचा चहा दिला.

"घरात नंद असली तं मले बरंच हाय," लीला एकदा सरोजम्मांना म्हणाली. "पर इथी असते तवा ते भितीकडं पाहून बसते. त्या बाईसंगं वावरात आली तं तेच कमल हासत होती. मी चुलीपाशी होती, मले आयकू आलं."

"हे तू नवऱ्याला सांगितलं?"

"त्यालेही आयकू आलं ना. तो काय बहिरा हाय?"

पौषात कळलं की भैंसाकडच्या माणसानं दुसरीकडे पाट लावला. मावल्यात ती बातमी ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. दिगंबरनं मात्र निरोप पाठवला: दुसरा पाहू.

शेवटची वेचणी फाल्गुनात आली. पऱ्हाट्या वाळून काळ्या पडल्या होत्या. वाऱ्यानं त्या एकमेकींवर घासत आणि सगळं वावर पुटपुटल्यासारखं वाटे. शेंड्यांना कुठे कुठे कापूस होता, आखूड आणि पिवळट. धुकं नव्हतं, दूरपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणून बंडी येताना फार आधी दिसली. सुमनताई आणि सरोजम्मा धुऱ्यावर होत्या. सुमनताईंच्या पिशवीत अर्जीची नक्कल होती.

दिगंबर उतरला, धुऱ्यावर उकिडवा बसला आणि बिडी पेटवली. कमल शेवटच्या तासात होती. ती सावकाश वेचत होती, जिथे काही नाही तिथेही हात घालून बघत होती. वत्सला तिच्या शेजारच्या रिकाम्या तासातून नुसती चालत होती. तास संपला. कमलनं ओटी सोडली आणि भावासमोर येऊन उभी राहिली.

दिगंबरनं बिडी विझवली. "लीलीनं सांगतलं, पऱ्हाट्या घेऊन ये," तो म्हणाला. "जळतन नाई घरी. बाळंतीन हाय, पानी तापवा लागते."

ते तिघं संध्याकाळपर्यंत पऱ्हाट्या उपटत होते. सुमनताईंनी पिशवी धुऱ्यावर ठेवली आणि त्याही वाकल्या. ऊन तिरपं झालं तेव्हा बंडीतला ढीग बैलांच्या शिंगांच्या वर गेला होता. दिगंबरनं दोर आवळला.

"मंग मी?" कमलनं विचारलं.

त्यानं भरलेल्या बंडीकडे पाहिलं. "जागा कुठी हाय?" तो म्हणाला, आणि बैलांना हाक दिली.

पुढे मंडळाकडे अशा आणखी जोड्या आल्या. नदीपलीकडून आल्या, तेलुगू गावांतूनही आल्या. काहींचं झालं, काहींचं झालं नाही. मागच्या दोन खोल्यांपैकी एक अशा बायकांना उतरायला कायमची मोकळी ठेवली. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्या विचारत, तुमच्या कामाची पद्धत काय? सुमनताई म्हणत, आधी चहा. सरोजम्मा म्हणत, मीठ कमी. सुमनताई आता नाहीत. सरोजम्मा त्याच घरात राहतात; या दिवसांत खिडकीच्या जाळीवरचा कापूस काढून त्या त्याची वात वळतात.

त्या हंगामानंतरच्या कार्तिकात वत्सलाच्या वावरात सीतादही झाली. वत्सला आणि कमल बोऱ्यावर बसल्या. लीला मूल कडेवर घेऊन बंडीतून आली होती. भात वत्सलाच्या घरचा होता. दही दिगंबरच्या घरचं होतं.